तात्यानाबाईंचा तक्ता

मागच्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली, ती दारातच एक लांब प्लॅस्टिकची नळी माझ्या हातात देऊन आत शिरली. नळीत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी होती. ती पुरातत्त्वात एम. ए. करते आहे, आणि अडतीस खापरांची पेन्सिलीतली रेखाटनं तिला शाईत पक्की करून हवी होती. "मावशी, हल्ली सगळे कॉम्प्युटरवर करतात. पण तुझी रेघ एकदा बघितली की ती बघवत नाही गं."

मी एकतीस वर्षं कालव्यांची आणि धरणांची कामं करणाऱ्या एका कचेरीत आरेखक होते. ट्रेसर म्हणून लागले, हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी माझा बोर्ड अजून आहे. त्यावर मिनी ड्राफ्टर आहे, शेजारी पेनांचा डबा. शाई वाळून बसू नये म्हणून दर महिन्याला मी पेनं कोमट पाण्यानं धुऊन ठेवते. भाचीचं काम मी त्याच संध्याकाळी सुरू केलं.

खापराचं रेखाटन कसं करतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. हातात मडक्याचा तळहाताएवढा तुकडा असतो. त्यात काठाचा भाग असेल तर काम होतं. एका कागदावर एकात एक वर्तुळं काढलेली असतात. त्यावर तो काठ टेकवून बघायचं, कुठल्या वर्तुळाशी त्याची वक्रता जुळते. जुळली की मडक्याच्या तोंडाचा व्यास मिळाला. मग मधोमध उभी रेघ. तिच्या एका बाजूला तुकड्याचा काप, काळ्या शाईनं भरलेला, आणि दुसऱ्या बाजूला मडकं बाहेरून जसं दिसलं असतं तसं. तळहाताएवढ्या तुकड्यावरून अख्ख्या मडक्याचं तोंड कागदावर उभं राहतं. तेरा नंबरच्या खापराच्या काठाला आतून एक बारीकशी खाच होती. पेन्सिलीत ती नुसती थरथर वाटत होती. मी भाचीला फोन करून विचारलं, तेव्हा तिनं खापर परत बघितलं आणि म्हणाली, खाच खरी आहे, माझ्या लक्षातच आली नव्हती.

आम्ही लहानपणी जुन्या नाशकात राहायचो. पावसाळ्यात जुन्या गढीची माती गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, बाजूला ढासळायची आणि तिच्यातून काळी-तांबडी खापरं निघायची. आम्ही पोरी ती ठिकरी खेळायला गोळा करायचो, पोरं लगोरीला. त्याच गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं होतं, हे मला कळायला साठी उलटावी लागली. नाशिक आणि प्रवरेकाठचं जोर्वे, दोन्ही ठिकाणच्या उत्खननाचा एकच अहवाल, सांकलिया आणि शां. भा. देव यांचा, १९५५ साली निघाला. भाचीनं तो मला दाखवला. त्यातली भांड्यांची रेखाटनं बघताना मला कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. ही रेघ माझ्यासारख्याच कुणीतरी ओढलेली होती.

तेव्हाच ती म्हणाली, "मावशी, तुझ्यासारखीच एक ड्राफ्ट्समन होती. तिनं मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचा इतिहास सोडवला."

त्या वाक्यानं माझा सगळा हिवाळा घेतला.

तात्याना प्रोस्कुरियाकोफ. जन्म १९०९ चा, सायबेरियातल्या तोम्स्क शहरातला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई डॉक्टर. पहिल्या महायुद्धात रशिया अमेरिकेकडून दारूगोळा विकत घेत होता. त्या मालाच्या तपासणीसाठी वडिलांना अमेरिकेला धाडलं आणि मागोमाग बायको-मुलीही गेल्या. पुढं रशियात क्रांती झाली आणि हे कुटुंब तिकडंच राहिलं. मुलगी फिलाडेल्फियाच्या आसपास वाढली, पेनसिल्व्हेनियात वास्तुशास्त्र शिकली आणि १९३० साली पदवी घेऊन बाहेर पडली. महामंदीचं साल. एकही इमारत उभी राहत नव्हती, तिथं नव्या वास्तुविशारद मुलीला कोण विचारणार? तिनं भरतकामाचे नमुने काढून देण्याचं काम धरलं. त्या नमुन्यांसाठी ती तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात जायची. तिथल्या लोकांना तिची चित्रं दिसली आणि लिंटन सॅटरथ्वेट या पुरातत्त्वज्ञांनी तिला आरेखनाचं काम दिलं. १९३६ साली ते तिला आपल्याबरोबर ग्वातेमालाच्या जंगलात घेऊन गेले.

गाव होतं पिएद्रास नेग्रास. स्पॅनिशमध्ये 'काळे दगड'. उसुमासिंता नावाच्या मोठ्या नदीच्या काठी. नदीपलीकडं मेक्सिको, अलीकडं ग्वातेमालाचं पेतेनचं जंगल. माया लोकांनी हे शहर सोडून अकराशे वर्षं होऊन गेली होती, आणि राजवाडा, देवळं, पायऱ्या, सगळ्यावर झाडं उगवलेली होती. तात्यानाबाईंचं काम मोजमापं घ्यायचं आणि नकाशे काढायचं. (मी त्यांना बाई म्हणते. आमच्याकडं ज्यांच्याकडून शिकलो त्यांना बाईच म्हणतात.) मोजमापं घेता घेता त्यांनी त्या टेकडीवरच्या राजवाड्याचं एक चित्र काढलं. ढिगाऱ्याचं नव्हे, शहर नांदतं असताना तो राजवाडा कसा दिसत असेल त्याचं. चौथऱ्यावर चौथरे, मधून चढणारे रुंद जिने, वर मोकळी अंगणं.

ते चित्र मी फोनवर मोठं करून किती वेळा बघितलं असेन! त्यातली एकही रेघ हौसेखातर नाही. भिंतीचा जेवढा भाग जागेवर मिळाला तो आधाराला धरून वरचा भाग काढलेला. खापरावरून मडकं काढतात तसंच. पुढं १९४६ साली त्यांचा माया इमारतींच्या चित्रांचा संग्रह निघाला. त्यात त्यांनी प्रत्येक पुनर्रचनेबरोबर त्या जागेची आजची स्थितीही काढून दाखवली आहे. वाचणाऱ्याला कळावं, कितीला पुरावा आहे आणि कितीला अंदाज. आरेखकाची सचोटी म्हणतात ती ही. आमच्या कामातही जागेवर मोजलेली रेघ अखंड आणि अंदाजाची रेघ तुटक काढायची, हा नियम. कुणी घाईत तुटक रेघ अखंड केली तर पुढं तिथं खरंच काँक्रीट पडतं.

पिएद्रास नेग्रासचं ते चित्र माया संशोधनातले त्या वेळचे मोठे गृहस्थ सिल्व्हेनस मोर्ली यांच्या नजरेला पडलं. त्यांच्यामुळं बाई कार्नेगी इन्स्टिट्यूशन या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या कामावर लागल्या आणि १९३९ साली होंडुरासमधल्या कोपानला गेल्या. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्याकडं नव्हती, कधीच झाली नाही. १९५० साली त्यांनी माया शिल्पांवर ग्रंथ लिहिला. उभं राहण्याची ढब, शिरोभूषण, कमरपट्टा, पायातली पादत्राणं, अशी एकेक बाब कुठल्या काळात कशी दिसते याचे त्यांनी आलेख मांडले आणि तारीख पुसली गेलेल्या शिल्पाचा काळ निव्वळ शैलीवरून ठरवण्याची रीत बसवली.

आता खरा मुद्दा.

माया लोकांनी शेकडो दगडांवर लिहून ठेवलं आहे. त्यातले आकडे आणि तारखा तेव्हा वाचता येत होत्या. आकडे फार सोपे आहेत, माझ्या शेजारच्या तिसरीतल्या मुलाला मी दहा मिनिटांत शिकवले. एक ठिपका म्हणजे एक, एक आडवी दांडी म्हणजे पाच. दोन दांड्या आणि दोन ठिपके म्हणजे बारा. शून्यालाही त्यांचं चिन्ह होतं. मोजणी विसाच्या पटीत. दिवस म्हणजे किन, वीस दिवसांचा विनाल, अठरा विनालांचा म्हणजे ३६० दिवसांचा तुन, वीस तुनांचा कातुन. ही मोजणी इसवी सनापूर्वी ३११४ सालच्या एका ठरावीक दिवसापासून सुरू होते, म्हणून माया तारीख आपल्या कॅलेंडरवर नेमकी बसवता येते.

पण तारखांच्या मधला मजकूर कुणाला लागत नव्हता. त्या काळचे सगळ्यात मोठे जाणकार एरिक थॉम्पसन यांचं मत असं की या दगडांवर माणसांचा इतिहास नाहीच. तिथं आहे ती काळाची उपासना, ग्रहताऱ्यांचे हिशेब, पुरोहितांचं ज्ञान. कोरलेल्या आकृत्या देवांच्या किंवा पुजाऱ्यांच्या. लांब पायघोळ वस्त्रांतल्या आकृत्या पाहून, हे पुरोहित, असं म्हणत.

तात्यानाबाईंनी काय केलं, तर तक्ता केला.

पिएद्रास नेग्रासमध्ये दर १८०० दिवसांनी, म्हणजे पाच तुनांनी, एक कोरीव शिळा उभी करायची प्रथा होती. या शिळा शहरभर विखुरलेल्या नव्हत्या. एका इमारतीसमोर एक रांग, मग दुसरीसमोर दुसरी, अशा गटागटानं होत्या. प्रत्येक रांगेच्या सुरुवातीच्या शिळेवर साधारण एकच दृश्य. उंच कोनाड्यात बसलेली आकृती, तिच्याकडं चढत जाणारी शिडी आणि शिडीवर पावलांचे ठसे. आधीचे लोक म्हणायचे, हा देव वर चढतो आहे. त्या शिळेवर एक तारीख असे, तिच्याजवळ एक ठरावीक चिन्ह. पक्ष्याचं डोकं, आणि दाढ दुखताना आपण हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारतो, तशी पट्टी त्याला बांधलेली. अभ्यासक त्याला दातदुखीचं चिन्हच म्हणायचे. त्याच रांगेत त्याहून काही वर्षं आधीची आणखी एक तारीख यायची. तिच्याजवळ बेडकाचं डोकं, तोंड आभाळाकडं केलेलं.

बाईंनी या तारखा रांगेनुसार मांडल्या. तेव्हा दिसलं ते असं. त्या रांगेतल्या पुढच्या शिळांवर त्या दोन तारखांचे वाढदिवस मोजलेले असतात. पण नवी रांग सुरू झाली की आधीच्या रांगेतली ती तारीख परत कुणी काढत नाही, आता नवी दातदुखी आणि नवा बेडूक. देवळाच्या पायाभरणीची किंवा एखाद्या ग्रहणाची तारीख असती तर ती पुढंही पाळली गेली असती. आणि बेडकाच्या तारखेपासून रांगेतल्या शेवटच्या तारखेपर्यंतचं अंतर कुठंही माणसाच्या आयुष्याहून मोठं नाही.

बेडूक म्हणजे जन्म. दातदुखी म्हणजे राज्यारोहण. कोनाड्यातला देव म्हणजे नुकताच गादीवर बसलेला राजा. एक रांग, एक राजा. अशा सात राजवटी त्यांनी ओळीनं लावल्या.

यातलं एकही अक्षर त्यांना उच्चारता येत नव्हतं, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. राजाचं नाव तोंडानं कसं घ्यायचं ते माहीत नाही, पण तो कधी जन्मला, कितव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याची सद्दी कधी संपली हे समोर मांडलेलं. १९६० साली 'अमेरिकन अँटिक्विटी' या नियतकालिकात तो लेख आला. भाचीनं मला तो पाठवला आणि मी तो छापून घेतला. शब्दकोश शेजारी घेऊन तीन आठवडे वाचला. मोठा आवाज नाही, कुणाला खाली पाडणं नाही. थॉम्पसननी आधी हे पटायचं नाही असंच म्हटलं होतं, पण वाचून झाल्यावर बाईंचं बरोबर आहे असं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. आयुष्यभर धरलेलं मत साठीत सोडणं सोपं नसतं. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या एका गोष्टीनं वाढला.

हे वाचताना मला माझ्या नोकरीतली एक दुपार आठवत होती. एका कालव्याच्या लांबीच्या छेदाची शीटं माझ्याकडं ट्रेसिंगला आली होती. एका शीटवर जिथं जमिनीची रेघ संपते, तिथूनच पुढच्या शीटवर ती सुरू व्हायला हवी. ती होईना. तिसऱ्या आणि चौथ्या शीटच्या सांध्यावर रेघ साठ सेंटिमीटर खाली उतरायची. मी चौथ्या शीटवरच्या पुढच्या सगळ्या लेव्हल बाजूच्या कागदावर लिहून काढल्या आणि जुन्या नकाशाशी ताडल्या. प्रत्येक ठिकाणी तोच साठ सेंटिमीटरचा फरक. म्हणजे जमीन खचलेली नव्हती. सर्व्हेच्या दुसऱ्या तुकडीनं वेगळा बेंच मार्क, म्हणजे उंची मोजायचा आधारबिंदू, धरला होता. मी कागद घेऊन साहेबांकडं गेले. ते मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्ही रेघा ओढा. आकडे बघायला आम्ही आहोत."

मी तो कागद फाइलला लावून ठेवला. चार महिन्यांनी जागेवर लेव्हल परत घेतल्या, शीटं परत माझ्याकडं आली आणि साठ सेंटिमीटर निघून गेले. शेऱ्यात कुणी शोधलं ते नव्हतं. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. आकडे बघणाऱ्याला शीट एकेक करून दिसते. रेघ ओढणाऱ्याला तिचं टोक पुढच्या शीटवर न्यायचं असतं, म्हणून त्याला सांधा दिसतो. पिएद्रास नेग्रासच्या शिळा बाईंच्या आधी कितीतरी विद्वानांनी बघितल्या होत्या. पण शहराच्या नकाशावर कुठली शिळा कुठल्या इमारतीसमोर उभी आहे, हे ज्या हातानं मोजून काढलं होतं, त्या हाताला रांग दिसली.

पुढच्या वर्षी, १९६१ साली, त्यांनी माया शिल्पांतल्या स्त्रियांवर लिहिलं. ते पायघोळ वस्त्रांतले 'पुरोहित' म्हणजे बायका होत्या. राण्या, राजांच्या आया.

त्यातली एक शिळा मी स्वतः गणित करून बघितली, ते सांगते. पिएद्रास नेग्रासची तीन नंबरची शिळा. सिंहासनावर एक राणी बसली आहे आणि तिला टेकून एक छोटी मुलगी. राणीचं नाव आता कातुन अहाव असं वाचतात. मजकुरात तारखा आणि त्यांच्यामधली अंतरं आहेत. पहिली तारीख राणीच्या जन्माची, इसवी सन ६७४. मग अंतर, १२ तुन, १० विनाल, ० किन. मी बोर्डावर मांडलं. १२ गुणिले ३६० म्हणजे ४३२०, त्यात दहा वीस दोनशे, झाले ४५२० दिवस. बारा वर्षं आणि साडेचार महिने. तिथं तिच्या लग्नाची नोंद आहे. त्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी नवरा गादीवर बसला. मग लग्नापासून मोजलेलं पुढचं अंतर ७७९० दिवसांचं, म्हणजे एकवीस वर्षांहून थोडं जास्त, आणि तिथं मुलीचा जन्म. मग १२५५ दिवस, आणि नवऱ्याच्या राज्यारोहणाला पंचवीस तुन पूर्ण. त्यानंतर नव्व्याण्णव दिवसांनी कातुनाचा शेवट आला. त्या दिवसाची ही शिळा.

बेरीज केली. शिळा उभी राहिली तेव्हा राणी सदतीस वर्षांची होती. मुलगी तीन वर्षं आणि साडेआठ महिन्यांची.

मी पेन खाली ठेवून किती तरी वेळ तशीच बसून राहिले. ही मुलगी लग्नानंतर एकवीस वर्षांनी झालेली. आधी मुलं झाली का, जगली का, याबद्दल दगड बोलत नाही. पण तिला सिंहासनाशी बसवून घेतलं आहे, दगडात, राजाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यात. आणि राणीच्या उपाधीत तिच्या माहेरचं गावही राहिलं आहे, नामान. तेराशे वर्षं झाली, तिचं माहेर पुसलं गेलेलं नाही.

आता लेण्यांकडं वळते, कारण ती माझ्या खिडकीतून दिसतात.

पांडवलेणी आम्ही लहानपणापासून चढतो. तीन नंबरचं लेणं सगळ्यांना माहीत असतं, तिथल्या व्हरांड्यातली अक्षरंही सगळ्यांनी बघितलेली असतात. मजकूर मात्र मी यंदाच समजून घेतला. भाचीला ब्राह्मी येते. डिसेंबरातल्या एका सकाळी ती बोट फिरवत सांगत होती, मी वहीत उतरवत होते.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या राजवटीच्या अठराव्या वर्षाचा हुकूम आहे. वैजयंतीच्या विजयी छावणीतून नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला लिहिलेला. पश्चिमेकडच्या कखडी गावातलं जे शेत आजवर उषवदाताकडं होतं, ते दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई, त्याचं स्वतःचं लेणं पलीकडंच आहे, दहा नंबरचं. म्हणजे इथं जमिनीचा मालक बदलला आहे, राज्य बदललं आहे, आणि सगळं एका शेताच्या निमित्तानं कळतं. मग चोविसाव्या वर्षाचा दुसरा हुकूम. ते गाव ओसाड आहे, शेत कुणी कसत नाही, तेव्हा त्याबदल्यात आमच्याकडची दुसरी शंभर निवर्तनं द्या. आणि हा हुकूम एकट्या राजाचा नाही. राजाबरोबर त्याच्या आईच्याही नावानं निघाला आहे. 'जीवसुता राजमाता', जिचा मुलगा जिवंत आहे अशी राजमाता.

"परत वाच," मी म्हटलं.

"जीवसुता," ती म्हणाली. "मावशी, आता पुढचा बघ."

पुढचा म्हणजे गौतमी बलश्रीचा तो प्रसिद्ध लेख. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षाचा. इथं ती स्वतःला महाराजांची माता आणि महाराजांची आजी म्हणवते. मुलाची थोरवी ओळीमागून ओळ सांगते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश संपवला. ही आई मुलाच्या मागं राहिलेली आहे. नातवाच्या राजवटीत हे लेणं कोरून देते आहे. आधीच्या दगडावर 'जीवसुता' होती, या दगडावर तो शब्द नाही. कुणी तारीख लावून सांगितलं नाही की मधल्या काळात गौतमीपुत्र गेला. दोन लेख शेजारी ठेवले की आपल्याला कळतं.

इथंही एका दगडाचा दुसऱ्या दगडाशी सांधा होता. फक्त इथं लिपी वाचता येते. जेम्स प्रिन्सेपनं १८३७ साली ब्राह्मी उलगडली म्हणून आपल्याला गौतमीचे शब्द तिच्याच भाषेत मिळतात. तात्यानाबाईंपुढं नुसती चित्रं होती.

त्यांची एक गोष्ट मला खटकते, तीही लिहायला हवी. माया लिपीतली चिन्हं उच्चारांची आहेत, हे युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकानं १९५२ सालीच मांडलं होतं. बाईंना रशियन मातृभाषा म्हणून येत होती, त्यांनी ते वाचलंही. पण त्या वाटेनं त्या मनापासून कधी गेल्या नाहीत. १९६३-६४ साली त्यांनी याश्चिलान शहराचे राजे लावले, तेव्हाही नावं चित्रांवरून ठेवली, ढाल-जग्वार, पक्षी-जग्वार. पुढची पिढी उच्चार वाचत पुढं गेली. मला वाटतं त्यांना अंदाजाची रेघ अखंड काढायची नव्हती. ती सवय चांगली. पण त्या सवयीनं एक दार त्यांच्यासाठी अर्धवटच उघडलं.

कार्नेगीनं १९५८ साली माया विभाग बंद केला. बाई हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये काम करत राहिल्या. तिथं मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहराच्या पवित्र विहिरीतून काढलेले हिरव्या जेडचे तुकडे होते. बहुतेक विहिरीत टाकण्याआधीच फोडलेले आणि जाळलेले. ते तुकडे एकमेकांना जुळवत त्यांनी वर्षानुवर्षं घालवली, त्यावरचा ग्रंथ १९७४ साली आला. १९६२ साली त्यांना पुरातत्त्वातलं किडर पदक मिळालं, १९८४ साली ग्वातेमालानं आपला मोठा सन्मान दिला, ऑर्डर ऑफ केत्झाल. १९८५ साली त्या गेल्या. माया इतिहासावरचं त्यांचं शेवटचं पुस्तक त्यांच्या पश्चात, १९९३ साली छापलं गेलं.

त्यांच्या अस्थी कितीतरी वर्षं तशाच ठेवलेल्या होत्या. ग्वातेमालात यादवी चालू होती. ती १९९६ साली मिटली, पिएद्रास नेग्रासमध्ये पुन्हा उत्खनन सुरू झालं, आणि १९९८ साली तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी त्या अस्थी त्या राजवाड्याच्या टेकडीवर पुरल्या. तरुणपणी त्यांनी ज्या राजवाड्याचं चित्र काढलं होतं, तोच हा. जागेवर आजही ढिगारे आणि झाडंच आहेत. जिने, चौथरे आणि मोकळी अंगणं त्यांच्या कागदावर आहेत.

भाचीची अडतीस खापरं संक्रांतीला पूर्ण झाली. तेरा नंबरची खाच मी ०.२ च्या पेनानं काढली.

बोर्ड मात्र रिकामा झाला नाही. त्यावर आता एक आडवा कागद चिकटवला आहे. डावीकडून नहपानाची वर्षं, ४१, ४२, ४५. मग गौतमीपुत्राची १८ आणि २४. मग पुळुमावीची १९ आणि २२. प्रत्येकाखाली लेणं कुठलं, भिंत कुठली, जमीन किती, आणि शेवटचा रकाना बायकांचा. त्यात आत्तापर्यंत बलश्री दोनदा आली आहे, आणि दहा नंबरमधली दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, जिनं भिक्षूंसाठी एक खोली दिली. बाकीच्या लेण्यांतले लहान लहान लेख राहिले आहेत. त्यांत कुणाच्या बायका, कुणाच्या लेकी असतील त्या एकेक करून लिहायच्या आहेत. येत्या रविवारी सातच्या आत चढायचं ठरवलं आहे. ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात, भाचीनं तसं बजावून सांगितलं आहे.